शेपटाचा माणूस

अठ्ठावीस वर्षं डोंगर चढला अंबादास निकाळजे, पण डोंगरापेक्षा त्याने माणसांच्या पाठीच जास्त बघितल्या. घाटकोपरच्या 'रानपावलं' गिर्यारोहण मंडळाचा तो शेपटाचा माणूस. ट्रेकला तीस-चाळीस जण निघाले की सगळ्यात पुढे लीडर असतो. त्याला वाट ठाऊक असते, त्याच्या गळ्यात शिट्टी असते, फोटोत तो मधोमध असतो. आणि सगळ्यात मागे एक जण चालतो. आपल्या मागे कुणालाही राहू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. फोटो निघतो तेव्हा तो बिचारा वर पोचलेलासुद्धा नसतो.

नोकरीही त्याने तसलीच केली. बेस्टमध्ये कंडक्टर, बत्तीस वर्षं. ड्रायव्हर रस्ता बघतो, कंडक्टर माणसं बघतो. म्हातारीचा दुसरा पाय पायरीवर पडल्याशिवाय अंबादासने कधी बेल मारली नाही, आणि त्यापायी ड्रायव्हर लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मंडळात आला तेव्हा त्याला मागे राहा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच ट्रेकला तो आपसूक मागे गेला आणि तिथेच राहिला.

मागे चालणं सोपं वाटतं ना? करून बघा. जो सगळ्यात हळू चालतो तो आधीच मेल्याहून मेल्यासारखा झालेला असतो. त्याला 'चला चला, जरा पाय उचला' म्हटलं की संपलं, तो मटकन खालीच बसतो. अंबादासने असं कधी कुणाला म्हटलं नाही. पुढचा माणूस धापा टाकत थांबला की हा लगेच वाकून आपल्या बुटाची नाडी बांधायला घ्यायचा. नाडी सुटलेली असो वा नसो. समोरच्याला वाटायचं, चला, याच्यामुळे थांबलोय आपण. दुसऱ्यांदा थांबला की त्याच्या सॅकमधली पाण्याची बाटली हा काढून घ्यायचा, तिसऱ्यांदा सॅकच. मुलुंड, अंधेरी, कांदिवली, कुठून कुठून आलेल्या शेकडो लोकांना अंबादासने असं वर चढवलं. त्यातल्या निम्म्यांना त्याचं आडनाव माहीत नाही.

तर असा हा माणूस. वय एकसष्ट. आणि यंदाच्या जानेवारीत तो स्वतःच मागे राहिला.

झालं असं, की उतरताना गुडघा कुरकुरायला लागला, दम लागला, आणि शेवटची मुलगी खाली पोचली त्यानंतर तब्बल चाळीस मिनिटांनी अंबादास पोचला. स्वरदा विजेरी घेऊन एकटीच परत वर चढून त्याला शोधायला आली होती. स्वरदा म्हणजे मंडळाची आताची लीडर, सव्वीस वर्षांची, मुलुंडची. चौदा वर्षांची असताना आईने हिला जबरदस्तीने ट्रेकला पाठवलं होतं, आणि अख्खा दिवस ती अंबादासच्या पुढे मुसमुसत चालली होती. तिला डोंगर आवडायला लागला तो याच्यामुळे, हे ती चारचौघांत सांगते.

म्हणूनच मंडळाच्या कमिटीने तिला पाठवलं असणार. पाडव्यानंतरच्या रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन ती घाटकोपरला घरी आली आणि म्हणाली, की वर्धापनदिनाला काकांचा सत्कार करायचं ठरलंय, शाल-श्रीफळ देऊन.

आता बघा, आपल्याकडे माणसाला 'बस झालं तुझं' असं तोंडावर कोण सांगतो? कुणीच नाही. शाल पांघरायची, दोन शब्द बोलायचे, फोटो काढायचा, की माणूस गुपचूप घरी बसतो. अंबादास बत्तीस वर्षं सरकारी-निमसरकारी सत्कार बघत आला होता, त्याला समजायला वेळ लागला नाही. तो इतकंच म्हणाला, "म्हणजे नारळ दिलात मला."

स्वरदाचे डोळे भरून आले. कमिटीत तिने भांडण केलं होतं, पण कमिटीचा एक प्रश्न असा होता की त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. शेपटाचा माणूसच मागे राहिला तर त्याच्या मागे कोण? अंबादासने तो प्रश्न ऐकला आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडेही उत्तर नव्हतं. पण त्याला ते मान्य करवेना. रिटायर झाल्यावर माणूस घरात असतो, पण कशासाठी असतो ते कुणालाच सांगता येत नाही. महिन्यातून एक रविवार असा होता, की तीस माणसं बिनधास्त चालायची, कारण मागे अंबादास आहे. तेवढं गेलं तर उरलं काय, या विचाराने त्याला खरोखर भीती वाटली.

मग त्याने स्वरदापुढे एक अट ठेवली. मंडळ दरवर्षी आहुपे घाट चढून जातं, आहुप्यात मुक्काम करतं आणि दुसऱ्या दिवशी रानातून चालत भीमाशंकरला निघतं. दुपारी चारच्या आत सगळे एसटी स्टँडवर असतात. तीच वाट अंबादास एकटा चालणार. चारच्या आत त्याचा स्टँडवरून फोन आला तर शेपूट त्याचं. नाही आला तर शाल मुकाट्याने घेणार, वर हसूनसुद्धा दाखवणार.

स्वरदा खूप नाही नाही म्हणाली. एकट्याने जाऊ नये, हे तिला लहानपणी शिकवणारा हाच माणूस. शेवटी आहुप्यात मंडळाच्या नेहमीच्या घरी उतरायचं आणि रेंज मिळेल तिथून कळवायचं, या बोलीवर ती कबूल झाली.

चंपाला, म्हणजे बायकोला, त्याने रात्री जेवताना सांगितलं. चंपा बालवाडीत मावशी होती, दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी तिला घरी बसवलं. ती ताटात भाजी वाढता वाढता थांबली.

"एकटे? तुम्ही?" ती म्हणाली. "रस्ता विचारत जा म्हणजे झालं."

अंबादासला राग आला. पंधरा वेळा गेलेला माणूस तो, रस्ता काय विचारायचा? पण सोमवारी पहाटे चंपाने ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि गूळ-शेंगदाणे सॅकच्या वरच्या कप्प्यात, हाताला लगेच लागतील असे ठेवले, तेव्हा त्याचा राग गेला. गल्लीत जयंतीचे निळे झेंडे लावायला सुरुवात झाली होती. शिडीवर चढलेल्या पोरांनी 'जय भीम काका, कुठे?' म्हणून विचारलं, तर याने नुसता हात केला.

कल्याणहून एसटीने मुरबाड, तिथून जीपने घाटाखालचं गाव. जीपमधून उतरल्यावर अंबादासने सॅक पाठीला लावली, पट्टे आवळले, टोपी घातली आणि आंब्याखाली जाऊन उभा राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. टपरीवाल्याने विचारलं, की अजून कुणी यायचंय का. तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात उजेड पडला, की सगळे पुढे जाण्याची आपण वाट बघतोय आणि पुढे जायला कुणी नाहीच. टपरीवाला काय समजायचं ते समजला असेल. अंबादास खाली मान घालून चालायला लागला.

घाट चढताना त्याला आणखी एक गोष्ट कळली. स्वतःची चाल काय, हेच त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो दुसऱ्याच्या चालीने चालला होता. समोर पाठ नाही म्हटल्यावर कधी तो भसाभसा चढायचा आणि छाती भात्यासारखी व्हायची, कधी इतका रेंगाळायचा की अंगावर माश्या बसायच्या. उन्हं तापली होती. घाटाच्या मधल्या टप्प्यावर काटेसावरीचा फुलोरा संपून बोंडं फुटली होती, पांढरा कापूस वाटेवर उडत होता. दोन वाजता तो वर पोचला. गुडघा दुखत होता, पण दम टिकला होता. आहुप्याच्या त्या घरी म्हाताऱ्याने 'बाकीची मंडळी कुठंयत?' म्हणून तीनदा विचारलं, जेवू घातलं आणि पडवीत झोपायला जागा दिली. इथवर सगळं झकास.

वाट लागली ती दुसऱ्या दिवशी.

सकाळी साडेसहाला तो निघाला. चैत्रातलं ते रान काय वर्णावं. कोशिंबाला लालबुंद पालवी, अंजनीच्या फांद्यांना खोडापासून चिकटलेली निळी-जांभळी फुलं, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या आणि त्यांचा वास. वर कुठेतरी शेकरू खर्र खर्र ओरडत होतं. अंबादासला मनापासून आनंद झाला. वर मान करून चालायची ही त्याची पहिलीच वेळ. इतक्या वर्षांत झाडांचे शेंडे त्याने कधी बघितले नव्हते, कारण नजर कायम समोरच्याच्या टाचेवर.

आणि आठ वाजता तो एका फाट्यावर येऊन उभा राहिला. एक वाट डावीकडे खाली उतरत होती, एक सरळ झाडीत शिरत होती, तिसरी गुरांची असावी. पंधरा वेळा इथून गेलेल्या माणसाला यातली आपली कुठली, हे सांगता येईना. कसं येणार? पंधराही वेळा तो शेवटच्या माणसाच्या मागून गेला होता. तो माणूस जिकडे वळला तिकडे हा वळला. वाट त्याने कधी निवडलीच नव्हती. चंपाचे शब्द आठवले आणि कान गरम झाले.

तो डावीकडे उतरला. पाऊण तास उतरला. मग वाट एका कड्याच्या तोंडाशी जाऊन थांबली, खाली कोकण आणि समोर मोकळं आभाळ. परत वर चढून फाट्यावर यायला तास गेला. फोनला रेंज नाही, विचारायला माणूस नाही. दहा वाजले होते. गुडघा बोंबलत होता. अंबादास दगडावर बसला, पाणी प्यायला आणि त्याला रडूच आलं. कमिटी खरं बोलत होती. आपण कसले डोंगरातले? आपण लोकांच्या मागून हिंडलो फक्त.

मग बसल्या बसल्या, भाकरी खाता खाता, त्याचं लक्ष पलीकडच्या एका खडकाकडे गेलं. चौथऱ्यासारखा सपाट खडक, वर उंबर कलंडलेला. अरे, हा खडक तर ओळखीचा. अंधेरीचा तो बँकवाला, पोटात कळ आली म्हणून याच्यावर आडवा झाला होता, आणि आपण त्याला ओवा चघळायला दिला होता. बरं, तो उठल्यावर चालायला लागला तेव्हा उंबर त्याच्या कुठल्या हाताला होता? उजव्या. म्हणजे सरळ झाडीतली वाट.

अंबादास ताडकन उठला. त्याला वाट माहीत नव्हती, पण वाटेवर कोण कुठे बसलं, कुणाला कुठे मुरगळलं, कोण कुठे रडलं, ते सगळं त्याच्याजवळ होतं. पुढे लहानसा चढ, तिथे मुलुंडच्या एका बाईंच्या बुटाचा तळ सुटला होता आणि याने तो सुतळीने आवळून दिला होता. तिथून उतार, उतारावर जांभळाचं जोडझाड, तिथे कुणा कॉलेजच्या पोराने 'मी नाही येत, तुम्ही जा' म्हणून बसकण मारली होती. मग कोरडा ओढा आणि ओढ्यात तो सपाट दगड, ज्याच्यावर चौदा वर्षांची स्वरदा हुंदके देत बसली होती. पुढे चालणाऱ्या हुशार माणसांना हा दगड सांगितला तर कळणारही नाही. अंबादास एकेक ठिकाण ओळखत गेला, आणि दीड वाजता रान थोडं विरळ झालं तेव्हा त्याने घड्याळ बघितलं. इथून स्टँड दोन तासांवर. साडेतीनला पोचणार. चुकून, उतरून, परत चढून, रडून, तरीही साडेतीन. त्याला मोठ्याने हसावंसं वाटलं आणि तो हसलाही.

त्या हसण्यावर झाडीतून कुणीतरी खाकरलं.

समोर वाटेवर एक म्हातारी चालली होती. डोक्यावर हिरड्याचं गाठोडं. या दिवसांत अख्खा मुलूख कोवळे हिरडे गोळा करायला रानात असतो. उजव्या पायाला फडकं बांधलेलं, त्या पायावर जोर न देता एकेक पाऊल टाकत होती. नाव ठकूबाई, पुढच्या वाडीची. बरोबरच्या बायका केव्हाच पुढे गेल्या होत्या. टाचेत काटा मोडल्यामुळे ही मागे राहिली होती.

ती बाजूला सरली आणि म्हणाली, तुमी व्हा म्होरं.

अंबादास पुढे झाला. व्हायलाच हवं होतं, चारच्या आत पोचायचं होतं. दहा पावलं गेला आणि त्याची मान वळली. पुन्हा दहा पावलं, पुन्हा मान वळली. म्हातारी तिथेच. आपण पुढे आणि कुणीतरी मागे, ही गोष्ट त्याला अंगात काटा मोडावा तशी खुपायला लागली. विसाव्या पावलाला त्याने स्वतःला चांगली एक शिवी घातली आणि उलटा चालत आला. मला घाई नाही, तुम्ही चला, असं साफ खोटं त्याने सांगितलं.

मग काय, नेहमीचं सुरू झालं. ठकूबाई चाळीस-पन्नास पावलांवर थांबायची, हा वाकून नाडीला हात घालायचा. तिसऱ्या खेपेला म्हातारी बघतच राहिली.

"नाडी तर बांधल्यालीच हाय की," ती म्हणाली.

अठ्ठावीस वर्षांत एवढ्या शिकल्या-सवरल्या लोकांपैकी कुणी पकडलं नव्हतं ते या बाईने अर्ध्या तासात पकडलं. अंबादास लाजला. ती हसली आणि तिने गाठोडं त्याच्याकडे दिलं. घड्याळात अडीच वाजले, मग तीन. त्याने बघणं सोडून दिलं. म्हातारी बोलकी होती. मुलगा नारायणगावला, नातवंडं आश्रमशाळेत. मग तिची पाळी आली विचारायची. कुठले, काय करता, पोरं किती. आणि मग, घरची न्हाई आनली का बरोबर?

"ती फार हळू चालते," अंबादास सहज बोलून गेला.

ठकूबाई थांबली. पूर्ण वळली आणि त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "अन् मी काय पळतीय व्हय?"

तिने ते चेष्टेत म्हटलं होतं. ती पुन्हा चालायलाही लागली. पण अंबादासचे पाय तिथेच राहिले.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मंडळाने घरच्या मंडळींसाठी एक सोपा ट्रेक ठेवला होता. चंपाने त्यासाठी ठाकुरलीच्या बहिणीकडून कापडी बूट मागून आणले होते. रात्री तो सॅक भरत असताना ती म्हणाली होती, मलाही न्या की एकदा. आणि त्याने मान वर न करता सांगितलं होतं, की तुला जमायचं नाही, तू फार सावकाश चालतेस, सगळे खोळंबतील. चंपाने दुसऱ्या दिवशी बूट परत पाठवले. त्यानंतर तिने ट्रेकचं नाव काढलं नाही. दर वेळी भाकरी मात्र बांधून दिली.

हळू चालणाऱ्यांच्या मागे चालणं हेच ज्याचं काम, त्याने बायकोला हळू चालतेस म्हणून घरी ठेवलं. आणि तेसुद्धा खरं कारण नव्हतंच. तेव्हा चंपा हळू चालत नव्हती. बालवाडीच्या पोरांमागे दिवसभर पळणारी बाई ती. खरं कारण अंबादासला त्या दिवशी त्या रानात, दुसऱ्याच्या हिरड्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन उभं असताना, कबूल करावं लागलं. त्याला लाज वाटली होती. मंडळात मुलुंड-ठाण्याचे प्रोफेसर, डॉक्टर, इंग्रजी बोलणाऱ्या बाया. त्यांच्यात तो 'अंबादास काका' झाला होता. तिथे आपली गल्लीतली, नऊवारीतून नुकतीच पाचवारीत आलेल्या घरातली, मोठ्याने बोलणारी बायको आली तर ते आपल्याकडे कसे बघतील, याची त्याला लाज वाटली होती. एकोणीस वर्षं त्याने हा विचार कुठेतरी तळाशी दाबून ठेवला होता.

वाडी आली. ठकूबाईने पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, सुनेला बोलावून हा पाव्हणा माझं वझं घेऊन आला म्हणून सांगितलं. अंबादासने तिच्या टाचेतला काटा सुईने काढून दिला, हळद भरली आणि निघाला. स्टँडवर पोचला तेव्हा पावणेसहा झाले होते.

फोनला रेंज आली तशी स्वरदाचे अकरा मिस्ड कॉल एकदम येऊन पडले. त्याने फोन लावून सांगितलं, की पडलो नाही, धडधाकट आहे, पण उशीर झाला, तेव्हा शाल आण. ती विचारत राहिली, रस्ता चुकलात का, गुडघा दुखला का, काय झालं. ठकूबाईचं सांगितलं असतं तर पोरीने तिथल्या तिथे अट माफ केली असती. म्हणून त्याने सांगितलं नाही. चार म्हणजे चार. शिवाय त्याला एक गोष्ट समजली होती. तीस जणांना घेऊन चारच्या आत पोचायचं असेल तर आता तो त्या कामाचा राहिला नव्हता. समजलं, पण त्या रविवारी वाटली होती तेवढी भीती आज वाटली नाही. त्याच्या डोक्यात दुसरीच काळजी होती.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी चंपा मेथी निवडत बसली होती. अंबादास समोर येऊन जमिनीवर बसला.

"तू हळू चालतेस म्हणालो होतो ना मी, त्या ट्रेकच्या वेळी. ते खोटं होतं."

चंपाने मान वर केली नाही. "माहीत आहे मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्हाला माझी लाज वाटते, हे मीच तुम्हाला सांगायचं?"

चुकलं माझं, असं अंबादास म्हणाला. एकदा म्हणाला, दुसऱ्यांदा म्हणाला. चंपाने देठं एका बाजूला केली, पानं टोपलीत टाकली. मग ती म्हणाली, की आता काय उपयोग, आता खरंच चालवत नाही मला. त्यावर तो म्हणाला, की मला दुसरं काही येत नाही, हळू चालणाऱ्याच्या मागे तेवढं चालता येतं. चंपा उठून आत गेली. रात्री झोपताना तिने विचारलं, कुठे न्याल?

वर्धापनदिनाला अंबादासने शाल घेतली, हसूनही दाखवलं. स्वरदा भाषणात रडली. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी तो चंपाला घेऊन बोरिवलीला नॅशनल पार्कात गेला. कान्हेरी लेण्यांना ती याआधी बुद्धपौर्णिमेला गेली होती, पण गाडीने, वस्तीतल्या सगळ्यांबरोबर, दाटीवाटीत. आज रानातून पायी. ती पुढे, हा चार पावलं मागे.

ती शंभर पावलं चालायची आणि बसायची. कधी कठड्यावर, कधी दगडावर. सायकलवाली पोरं बाजूने सुसाट जात होती, सकाळी फिरायला आलेले लोक दोनदा जाऊन दोनदा परत आले. वानरांची एक टोळी तिच्या पिशवीकडे बघून हिरमुसली. पहिला तासभर चंपा सारखी मागे वळून बघत होती. कंटाळलात? नाही. उशीर होतोय? कशाला? तुम्ही व्हा पुढे, मी येते. नको. मग हळूहळू तिचं वळून बघणं थांबलं. ती झाडं बघायला लागली. एका झाडाची पालवी तिने हातात घेऊन चुरगाळली, वास घेतला. कुणा पक्ष्याचा आवाज आला तर मधेच थांबून, बोट वर करून, ऐकत राहिली. मागे कुणी आहे की नाही हे आता तिला बघावं लागत नव्हतं.

दहा वाजून गेले तरी कान्हेरीचा अर्धा रस्ताही झाला नव्हता. एका वळणावर सावली होती. चंपा उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करूनच.

"एवढी वर्षं," ती म्हणाली, "परक्या लोकांना हे देत होता होय तुम्ही?"

"होय," अंबादास म्हणाला.

चंपाने पदराने तोंड पुसलं, तो कमरेला खोचला आणि ती पुढे चालू लागली.